पुस्तक दप्तरात, अक्षर डोळ्याआड

जून सरता सरता आपल्याकडे शाळा उघडतात. उर्वरित महाराष्ट्रात पहिला धडा शिकवून होतो तेव्हा विदर्भात उन्हाचा चटका नुकता कुठे ओसरत असतो. शेतकरी पेरणीच्या घाईत, बी-बियाणे आणि पीककर्जाच्या धावपळीत. अशातच शाळेत पुस्तकांचे गठ्ठे येऊन पडतात आणि पहिल्या दिवशी पोरांच्या हाती नवे कोरे पुस्तक येते. पहिली ते आठवीपर्यंत ते फुकट मिळते. गुरुजी सही घेतात, पुस्तक वाटल्याची नोंद होते, आणि सरकारच्या लेखी काम संपते.

पण जवळपास प्रत्येक केंद्रात एक-दोन मुले अशी निघतात, की ज्यांच्या हातात पुस्तक आले काय आणि न आले काय, सारखेच. एखादे पोर पुस्तक नाकाला टेकवून एकेक अक्षर शोधते. एखादे अजिबातच पाहू शकत नाही, ते शेजाऱ्याच्या तोंडून ऐकून कविता पाठ करते. एखाद्याचे डोळे धडधाकट, पण पाचवीत जाऊनही 'मगर' आणि 'गरम' यात त्याचा घोळ होतो. आई-बाप शाळेत येऊन विचारतात, ''गुरुजी, पोट्टं हुशार हाय. सांगितलं ते सारं ध्यानात ठेवते. मंग वाचत काहून नाही?'' या प्रश्नाला आपल्या गावात अजून धड उत्तर मिळत नाही. कोणी म्हणते लक्ष नाही, कोणी म्हणते ढ आहे, कोणी म्हणते नशीब. पोर तेच राहते, दप्तर तेच राहते आणि नववी-दहावीच्या उंबऱ्यावर ते गळून ढोरांमागे किंवा मजुरीला लागते.

हा प्रश्न दयेचा आहे असे आपण समजत आलो. कायद्याने तो केव्हाच हक्काचा झाला आहे. तो हक्क नागपूर जिल्ह्याच्या तेरा पंचायत समित्यांतल्या शेवटच्या शाळेपर्यंत का पोचत नाही, वाटेत कुठे अडतो, आणि गावपातळीवर काय करता येईल, याचा हिशेब मांडणे हा या लेखाचा हेतू.

नेमकी मुले कोणती?

छापील पुस्तक वाचता न येणारे सगळे अंध नसतात, ही पहिली गोष्ट ध्यानात घ्यावी. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ साली झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. १९९५ च्या जुन्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते, ते आता एकवीस झाले. त्यात पूर्ण अंधत्व आहे, तसेच अल्पदृष्टी आहे. चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची नजर ६/१८ च्या पुढे जात नाही, पण ३/६० पर्यंत शिल्लक आहे, अशाला कायदा अल्पदृष्टी म्हणतो. त्याखाली गेली की अंधत्व. विशिष्ट अध्ययन अक्षमताही या यादीत आहे. म्हणजे बुद्धी चांगली, डोळे चांगले, पण अक्षर आणि आवाज यांचा मेंदूत मेळ बसत नाही. मेंदूच्या पक्षाघाताचे किंवा स्नायूंच्या आजाराचे मूलही यात येते. त्याला दिसते, समजते, पण पुस्तक धरता येत नाही की पान उलटता येत नाही.

या चौघांची गरज वेगवेगळी आहे. पूर्ण अंध मुलाला ब्रेल हवे आणि सोबत ऐकायचे पुस्तक हवे. अल्पदृष्टीच्या मुलाला ब्रेल नको, मोठे ठसठशीत अक्षर हवे. अध्ययन अक्षमतेच्या मुलाला अक्षरावर नजर ठेवून तेच ऐकायला मिळाले तर त्याची गाडी चालते. पान न उलटता येणाऱ्याला पडद्यावरचे पुस्तक पुरते. सगळ्यांना एकाच गोणपाटात घालून 'दिव्यांग विद्यार्थी : एक' अशी नोंद केली की पुढची सारी गफलत तिथूनच सुरू होते.

२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग मोजले गेले. त्यात सुमारे ५० लाख दृष्टीचे. महाराष्ट्रात एकूण संख्या साडेएकोणतीस लाखांच्या वर होती. त्या मोजणीत आठच प्रकार विचारले होते, आणि अध्ययन अक्षमतेचा वेगळा रकाना नव्हता. म्हणजे ज्यांना आपण 'ढ' म्हणून मागच्या बाकावर बसवले, ती पोरे त्या आकड्यात आलीच असतील असे नाही.

विदर्भाच्या मातीतले उदाहरण

डोळे नाहीत म्हणून विद्या नाही, असे म्हणणाऱ्याला आपल्या भागात तरी जागा नसावी. अमरावती जिल्ह्यातले संत गुलाबराव महाराज (१८८१ ते १९१५) तान्हेपणीच दृष्टी गमावून बसले. चौतीस वर्षांच्या आयुष्यात त्यांनी सव्वाशेहून अधिक ग्रंथ रचले. वेदान्तापासून वैद्यकापर्यंत विषय. लोक त्यांना प्रज्ञाचक्षू म्हणू लागले. आपण त्यांच्या फोटोला हार घालतो, पण यातली एक साधी व्यवहाराची गोष्ट विसरतो. महाराजांना कोणीतरी ग्रंथ वाचून दाखवत होते आणि ते सांगत ते कोणीतरी लिहून घेत होते. बुद्धी त्यांची होती, पण वाचून दाखवणारा आणि लिहून घेणारा ही दोन माणसे नसती तर ती बुद्धी गावाच्या वेशीतच राहिली असती.

आजच्या पोराला हीच दोन माणसे हवी आहेत. कधी ती माणसाच्या रूपात, कधी ब्रेलच्या पुस्तकाच्या, कधी मोबाइलच्या. महाराजांना ती भक्तीने मिळाली. आज ती नियमाने मिळायला पाहिजेत, कारण प्रत्येक पोराला भक्त कुठून मिळणार?

कायदा काय देतो?

२०१६ च्या कायद्याचे कलम १७ गावातल्या प्रत्येक मुख्याध्यापकाने आणि सरपंचाने एकदा वाचावे. त्यात सांगितले आहे, की शाळेत जाणाऱ्या दिव्यांग मुलांची दर पाच वर्षांनी पाहणी करावी. ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्याला वयाच्या अठरा वर्षांपर्यंत पुस्तके, इतर शैक्षणिक साहित्य आणि योग्य सहायक साधने विनामूल्य द्यावीत. परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट अशा सवलती द्याव्यात. कलम ३१ प्रमाणे सहा ते अठरा वर्षांच्या अशा मुलाला जवळच्या साध्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे. पसंती पालकांची. 'त्याला नागपूरच्या अंध शाळेत टाका, आमच्याकडे सोय नाही' असे म्हणून हात झटकण्याची मुभा गावच्या शाळेला नाही.

विशेष शाळांचे मोल कमी नाही. नागपुरात दक्षिण अंबाझरी मार्गावरची ब्लाइंड रिलीफ असोसिएशन स्वातंत्र्याच्या आधीपासून हे काम करीत आली आहे. शेजारच्या वरोऱ्याला आनंदवनातही अंध विद्यालय आहे. ज्या काळात गावात काहीच नव्हते त्या काळात या शाळांनी पोरांना अक्षर दिले. पण सहा-सात वर्षांचे पोर घरापासून तोडून वसतिगृहात ठेवायला प्रत्येक माय तयार होत नाही. मुलीच्या बाबतीत तर नाहीच. मग ती मुलगी घरीच राहते. म्हणून गावच्या शाळेत साहित्य पोचणे हाच मुख्य प्रश्न उरतो.

सर्वोच्च न्यायालयानेही यात लक्ष घातले आहे. ऑक्टोबर २०२१ च्या निकालात न्यायालयाने प्राथमिकला दर दहा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक आणि उच्च प्राथमिक व माध्यमिकला दर पंधरांमागे एक विशेष शिक्षक असावा, असे प्रमाण घालून दिले. ३० एप्रिल २०२५ च्या दुसऱ्या एका निकालात, डिजिटल सेवा सगळ्यांना वापरता येणे हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे सांगितले. पुस्तक मोबाइलवर आले, पण अंध मुलाला ते उघडून ऐकता येत नसेल, तर ही केवळ गैरसोय राहत नाही, हक्काचा भंग ठरतो.

साखळी कुठे तुटते?

मग गाडी अडते कुठे? पाण्याच्या पाटासारखे पाहू. धरणात पाणी आहे, कालवाही खोदला आहे, पण टोकाच्या वावरात पाणी येत नाही. तेव्हा शेतकरी पाटावरून चालत जातो आणि फुटले कुठे ते शोधतो. तसेच येथे करावे लागेल.

पहिली फूट ओळखण्यात आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक २०१३ पासून अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येऊन अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करते. त्या दिवशी जे पोर गैरहजर, ते सुटते. कापूस वेचणीच्या दिवसांत किती पोरे गैरहजर असतात ते सांगायला नको. ज्यात दोष सापडतो त्याला पुढे तालुक्याला, मग नागपूरला मेडिकल किंवा मेयोत पाठवतात. तिथले हेलपाटे, एसटीचे भाडे, बुडणारी मजुरी, आणि 'आज डॉक्टर नाहीत, पुढच्या आठवड्यात या'. दोन फेऱ्यांनंतर बाप कंटाळतो. प्रमाणपत्र आणि वैश्विक ओळखपत्र (यूडीआयडी) निघाले नाही, की पोर कागदावर येत नाही. आणि कागदावर नाही त्याच्यासाठी पुस्तक छापले जात नाही.

दुसरी फूट नोंदीत आहे. शाळेची वार्षिक माहिती 'यू-डायस'वर भरतात. त्यात दिव्यांग मुलांचे रकाने आहेत. घाईत, नेटवर्क मिळेल तेव्हा, मागच्या वर्षीचेच आकडे चढवले तर पुढच्या वर्षीची मागणी चुकते. प्रकार चुकीचा पडला तर अल्पदृष्टीच्या पोराच्या हाती ब्रेलचे पुस्तक येते. आले तर आले. ते कपाटात जाते.

तिसरी फूट वेळेची. ब्रेलचे पुस्तक हे छापील पुस्तकानंतर बनते. आधी मजकूर ब्रेलमध्ये उतरवायचा, जाड कागदावर उठवायचा, तपासायचा, बांधायचा. ब्रेलचे अक्षर बोटाला लागेल एवढे मोठे आणि उठावाचे असल्यामुळे एका पुस्तकाचे अनेक जाडजूड खंड होतात. साध्या पुस्तकाचा गठ्ठा जूनमध्ये पोचतो आणि याला दिवाळी उजाडते, असे झाले तर अर्धे वर्ष गेले. शिवाय अभ्यासक्रम बदलला की जुने सगळे खंड निकामी. २०२५-२६ पासून पहिलीचे पुस्तक नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे बदलले आणि पुढचे वर्ग टप्प्याटप्प्याने बदलायचे ठरले. प्रत्येक बदलाबरोबर ब्रेलचे आणि मोठ्या अक्षराचे काम नव्याने करावे लागणार, याची तजवीज आधीच व्हायला हवी.

चौथी फूट शिकवणाऱ्याची. पुस्तक आले, पण शाळेत ब्रेल जाणणारा कोणीच नाही. फिरता विशेष शिक्षक गट साधन केंद्रातून येतो, त्याच्याकडे गावे किती आणि त्याचे पेट्रोल किती, हे त्यालाच विचारा. तो महिन्यातून एकदा येऊन ब्रेल शिकवील आणि पोर शिकेल, ही अपेक्षाच चुकीची. ब्रेल हे रोजच्या सरावाचे काम आहे.

सहा टिंबांची बाराखडी

पण ब्रेल फार अवघड आहे असा जो समज आहे तो खरा नाही. फ्रान्समधल्या लुई ब्रेल नावाच्या अंध मुलाने १८२४ च्या सुमारास, वयाच्या पंधराव्या वर्षी ही लिपी सिद्ध केली. सहा टिंबे, दोन उभ्या ओळींत तीन-तीन. त्यातून ६३ आकृत्या निघतात. आपल्या देशात प्रत्येक भाषेचे वेगळे ब्रेल होऊन गोंधळ होऊ नये म्हणून १९५१ साली 'भारती ब्रेल' ठरवले गेले. त्यात मराठीचा 'क' आणि हिंदी, बंगालीचा 'क' एकाच टिंबांचा. त्याच साली देहरादूनला ब्रेलचा सरकारी छापखाना सुरू झाला. मराठीत तर २००८ मध्ये 'स्पर्शज्ञान' नावाचे ब्रेल पाक्षिकही निघाले. म्हणजे भाषा कमी पडली नाही.

डोळस माणसाला ब्रेल बोटाने वाचायची गरज नाही. तो डोळ्यांनी टिंबे पाहून वाचू शकतो. गावातली डी.एड. झालेली एखादी सून किंवा बारावी झालेला पोरगा मनावर घेईल तर काही आठवड्यांत बाराखडी शिकू शकेल. पाटी आणि टोचणी एवढेच लिहायचे साधन. लिहिताना उजवीकडून टोचत जायचे आणि कागद उलटा करून डावीकडून वाचायचे, एवढी गंमत लक्षात ठेवली की झाले.

आता कोणी म्हणेल, मोबाइल आला, ब्रेलचे काय काम? काम आहे. ऐकून ज्ञान होते, पण ऱ्हस्व-दीर्घ, जोडाक्षर, गणिताची मांडणी हे बोटाखाली आल्याशिवाय पक्के होत नाही. आपण डोळस पोराला नुसते रेडिओवर शिकवून 'साक्षर' म्हणतो का? तोच न्याय येथे लावावा.

मोबाइलचा उपयोग आणि फॉन्टची मेख

तरीही मोबाइलने मोठे दार उघडले आहे. साध्या अँड्रॉइड फोनमध्ये 'टॉकबॅक' नावाची सोय आधीच असते. ती सुरू केली की पडद्यावर जे आहे ते फोन बोलून दाखवतो, मराठीतही. संगणकासाठी 'एनव्हीडीए' नावाचा पडदा-वाचक फुकट मिळतो. ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी २००६ मध्ये त्याचे काम हाती घेतले आणि आज जगभर तो चालतो. बालभारतीची पुस्तके पीडीएफ स्वरूपात मिळतात. मग अडचण काय राहिली?

अडचण अक्षराच्या जातीत आहे. मराठीत छपाईसाठी वर्षानुवर्षे जे फॉन्ट वापरले गेले, त्यात संगणकाच्या पोटात मराठी अक्षर नसतेच. इंग्रजी अक्षराच्या जागेवर मराठीचे चित्र बसवलेले असते. डोळ्याला ते 'शेतकरी' दिसते, पण फोन ते वाचायला गेला की भलतेच काहीतरी बडबडतो. युनिकोडमध्ये टंकलेला मजकूर मात्र नीट वाचतो. पान स्कॅन करून टाकलेले असेल तर तो नुसता फोटो, फोन गप्प.

याची परीक्षा कोणीही करू शकतो. पुस्तकाची फाइल फोनवर उघडा, एका ओळीवर बोट दाबून ती निवडा, आणि व्हॉट्सॲपवर स्वतःलाच चिकटवून पाहा. मराठी ओळ आली तर फाइल चांगली. इंग्रजी चिन्हांची खिचडी आली किंवा ओळ निवडलीच गेली नाही, तर ते पुस्तक अंध पोरासाठी बंद आहे. ग्रामपंचायतीच्या नोटिसा, कृषी विभागाची पत्रके, पीकविम्याचे अर्ज यांनाही हीच परीक्षा लावावी. शेतकऱ्यातही नजर गेलेले लोक आहेत, हे विसरू नये.

अमेरिकेत २००४ च्या कायद्याने शालेय पुस्तकांच्या प्रकाशकांकडून ठरावीक नमुन्यातली संगणकीय फाइल एका मध्यवर्ती भांडारात जमा करून घेण्याची पद्धत सुरू झाली. त्या फाइलवरून ब्रेल, मोठे अक्षर, बोलके पुस्तक, जे हवे ते काढता येते. तिथे प्रकाशक शेकड्याने, म्हणून भांडार लागले. आपल्याकडे तर काम सोपे आहे. राज्याची पाठ्यपुस्तके १९६७ मध्ये पुण्यात स्थापन झालेली बालभारती ही एकच संस्था काढते. तिने प्रत्येक पुस्तकाची युनिकोडमधली, चित्रांचे शब्दांत वर्णन असलेली फाइल छपाईसोबतच खुली केली, तर नरखेडपासून भिवापूरपर्यंत आणि सिंधुदुर्गापासून गडचिरोलीपर्यंत सगळ्यांचा प्रश्न एका जागी सुटतो. पाटाच्या टोकाला भांडण्यापेक्षा मुखाशी दार उघडणे केव्हाही स्वस्त. लोकप्रतिनिधींनी विधिमंडळात मागायची गोष्ट ही आहे.

हक्कभंग होत नाही, बिनधास्त वाचा

काही शिक्षक विचारतात, पुस्तक वाचून रेकॉर्ड केले तर कॉपीराइटची केस तर नाही होणार? नाही. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. दिव्यांग व्यक्तीला वाचता यावे म्हणून पुस्तकाचे ब्रेल, ध्वनी किंवा इतर सुलभ रूप नफा न घेता करून देण्यास त्यात मोकळीक आहे. पुढे २७ जून २०१३ ला मोरोक्कोतल्या माराकेश शहरात याच विषयावर आंतरराष्ट्रीय करार झाला. २०१४ मध्ये त्याला मान्यता देणारा जगातला पहिला देश भारत होता. २०१६ मध्ये 'सुगम्य पुस्तकालय' हे संगणकीय ग्रंथालय सुरू झाले. छापील वाचता न येणाऱ्यांसाठी त्यात अनेक भारतीय भाषांतली पुस्तके आहेत.

म्हणजे दिल्लीत आणि परदेशात आपण पहिले, आणि गावच्या शाळेत शेवटचे. हे उलटे चित्र सुलटे करायला गावातल्या आवाजांचा उपयोग होऊ शकतो. भजनी मंडळात खणखणीत वाचणारे लोक आहेत, कॉलेजची पोरे आहेत. एकेका धड्याची एकेक ध्वनिफीत करावी. सुरुवातीला विषय, धडा आणि पान क्रमांक बोलावा. चित्र आले की चित्रात काय आहे ते दोन वाक्यांत सांगावे. स्वाध्यायाचे प्रश्न सावकाश वाचावेत. एका उन्हाळ्यात चार जण मिळून एका वर्गाची सगळी पुस्तके करू शकतात. ती केंद्रातल्या सगळ्या शाळांना कामी येतील.

अल्पदृष्टीच्या पोरासाठी तर त्याहून सोपे. तालुक्याच्या झेरॉक्सवाल्याकडे ए-४ चे पान ए-३ वर मोठे केले की अक्षर १४१ टक्के होते. म्हणजे चौदा पॉइंटचे अक्षर जवळजवळ वीसचे. कागद चकचकीत नको, शाई गडद हवी. बसायला खिडकीजवळची जागा, उजेड पाठीमागून. एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो.

आकृत्यांचे काय? आयआयटी दिल्लीने हाताला कळणाऱ्या उठावाच्या आकृत्यांवर मोठे काम केले आहे. पण तेवढे येईपर्यंत थांबायची गरज नाही. पुठ्ठ्यावर सुतळी चिकटवून नदी, ज्वारीचे दाणे लावून गावे, तुऱ्हाटीच्या काड्यांचे त्रिकोण-चौकोन हे आपल्या घरात आहे. महाराष्ट्राचा नकाशा बोटाने फिरून ज्याला कळला, त्याला तो जन्मभर विसरत नाही.

परीक्षेची वेळ

२०२३ च्या निर्णयाने पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणि त्यात नापास झाल्यास पुनर्परीक्षा आली आहे. पूर्वी असे पोर आठवीपर्यंत ढकलत तरी जायचे. आता ज्याला पुस्तकच वाचायला दिले नाही, त्याला पाचवीत नापास करायचे, हा अन्याय घडू शकतो. मुख्याध्यापकांनी याचा आधीच विचार करावा.

दहावी-बारावीला मंडळ जादा वेळ देते, तासामागे वीस मिनिटे. लेखनिक मिळतो, साधारणतः खालच्या वर्गातला. यासाठी अर्ज मुख्याध्यापकांमार्फत नागपूर विभागीय मंडळाकडे प्रमाणपत्रासह वेळेत जावा लागतो. फेब्रुवारीत धावपळ करून उपयोग नाही. शिवाय लेखनिकाबरोबर वर्षभर सराव हवा. सांगायचे कसे, विरामचिन्ह कुठे, उत्तर खोडायचे असल्यास काय म्हणायचे, हे ऐन परीक्षेत शिकता येत नाही. पाचवीपासून घटक चाचणीत लेखनिक दिला तर पोर तयार होते.

पैसा आहे, वळण हवे

शेवटी पैशाचे. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीने आपल्या स्वउत्पन्नाच्या पाच टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची आहे. पूर्वी हे प्रमाण तीन टक्के होते. समजा एखाद्या पंचायतीचे घरपट्टी, पाणीपट्टी, बाजार वगैरे मिळून वर्षाचे उत्पन्न चार लाख असेल, तर वीस हजार रुपये होतात. बहुतेक ठिकाणी मार्च अखेरीला ही रक्कम सगळ्यांत सारखी वाटली जाते, माणशी काही शे रुपये, फोटो निघतो. ज्यांना हातात पैसा लागतो त्यांना तो मिळावा, त्याला ना नाही. पण त्यातला काही भाग शाळेतल्या पोराच्या साधनांसाठी काढला, तर ब्रेलची पाटी, जाड कागद, मोठ्या अक्षराच्या प्रती, एक बरा मोबाइल आणि कानात घालायचा हेडफोन एवढे सहज बसते. सहायक साधने हा या निधीतला सरळ खर्च आहे. शंका असल्यास सरपंच आणि ग्रामसेवक (२०२४ पासून ज्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) यांनी गटविकास अधिकाऱ्यांकडून लेखी मार्गदर्शन घ्यावे. केंद्राच्या एडिप योजनेतूनही साधने मिळतात. नागपुरात केंद्र सरकारचे दिव्यांगांसाठीचे समेकित क्षेत्रीय केंद्र आहे. राज्यात ३ डिसेंबर २०२२ पासून स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग आहे. दाद मिळाली नाही तर पुण्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते.

ग्रामसभेत विचारायचे पाच प्रश्न

येत्या ग्रामसभेत रस्ते-नाल्यांबरोबर हेही विचारावे. एक, आपल्या शाळेत आणि अंगणवाडीत छापील वाचता न येणारी मुले किती, आणि प्रत्येकाची अडचण कोणती? दोन, त्यांची प्रमाणपत्रे आणि ओळखपत्रे निघाली का, नसतील तर नागपूरला एकदाच गाडी करून सगळ्यांना नेता येईल का? तीन, यू-डायसमधली नोंद बरोबर आहे का? चार, ब्रेलचे किंवा मोठ्या अक्षराचे पुस्तक कोणत्या तारखेला आले? पाच, पाच टक्के निधी मागच्या वर्षी कशावर गेला? उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्यावीत. शाळा व्यवस्थापन समितीत अशा एका मुलाच्या पालकाला बसवावे. ज्याचे जळते त्यालाच कळते.

यात कोणाला दोष देऊन काम भागत नाही. गुरुजींवर आधीच पन्नास कामे आहेत, विशेष शिक्षक गावोगाव फिरून थकतो, आणि बापाला पेरणी सोडून मेडिकलच्या रांगेत उभे राहता येत नाही. पण पाट जिथे फुटला तिथे चार हात लागले की पाणी टोकाला जातेच, हे शेतकऱ्याला कोणी शिकवायला नको. पुढच्या जूनमध्ये पुस्तकांचा गठ्ठा सुटेल तेव्हा प्रत्येक शाळेने मोजणी करताना एक ओळ जास्त लिहावी : इतक्या मुलांना पुस्तक मिळाले, आणि त्यातली इतकी ते वाचू शकतात. या दोन आकड्यांत जो फरक निघेल, तेवढे गावाचे काम बाकी.